विचारा, सांगतो : विद्यार्थ्यांचा संगीत अंक

या वेळची बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत. ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या कॉलेजांची, संगीत वर्गांची मुलं स्वतःचा संगीताचा अंक काढू पाहताहेत. उत्तरं देताना आम्ही एकच कसोटी धरली आहे. संगीताचा अंक नुसता देखणा असून भागत नाही. त्यातली बंदिश समोर ठेवून अनोळखी मुलीला ती गाता आली पाहिजे. आकार, कागद, टाइप (फॉन्ट), शिलाई हे सगळं त्यावरून ठरतं.

आम्हाला ४८ पानांचा, ५०० प्रतींचा अंक दिवाळीच्या सुमारास काढायचा आहे. काही पानं रंगीत हवीत, पण पैसे बेताचे आहेत. आकार, कागद आणि वेळापत्रक कसं ठरवावं?
(कॉलेजचं संगीत मंडळ, नौपाडा)

आधी दिवाळीचा हट्ट सोडा. गणपतीपासूनच छापखाने दिवाळी अंकांत गळ्यापर्यंत बुडालेले असतात. त्या गर्दीत पाचशे प्रतींचं काम हमखास मागे पडतं आणि शेवटी घाईत प्रूफ न दाखवता छापलं जातं. जानेवारीचा पहिला आठवडा धरा. गॅदरिंगही त्याच सुमारास असतं, त्यामुळे अंक हातोहात जातो. तिथून उलट मोजा : छपाई आणि बांधणीला दहा दिवस, प्रुफांना एक आठवडा, मांडणीला दोन, संपादनाला दोन आणि लेख गोळा करायला चार. म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी कामाला लागायला हवं. परीक्षा मध्ये येत असेल तर लेख गोळा करायचे आठवडे तिच्या आधी उरका. मांडणी दोघं-तिघं रेटून नेतात, पण परीक्षेच्या तोंडावर लेख कोणीच देत नाही.

आकारासाठी क्राउन १/४ घ्या. २० × ३० इंचाच्या डबल क्राउन कागदातून याची सोळा पानं निघतात, कडा छाटून पान साधारण ७.२५ × ९.५ इंच होतं आणि कागद वाया जात नाही. ए-फोर आकार संगणकावर सोयीचा वाटतो. पण तो २३ × ३६ च्या कागदात नीट बसत नाही, मग २५ × ३६ चा कागद घ्यावा लागतो. पाचशे प्रतींना हा फरक लगेच बिलात दिसतो.

हिशेब असा. एका तावावर (मोठ्या कागदावर) दोन्ही बाजूंना मिळून जी पानं छापली जातात तो एक फॉर्म. ४८ पानं म्हणजे सोळा पानांचे तीन फॉर्म. एका प्रतीला तीन ताव, पाचशे प्रतींना १५०० ताव, म्हणजे तीन रीम. मशीन लावताना आणि दुमडताना वाया जाणारे धरून १६०० ताव मागवा. ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) मॅपलिथोच्या, म्हणजे साध्या, बिनचकाकीच्या छपाई कागदाच्या, २० × ३० च्या एका रीमचं वजन साडेपंधरा किलो भरतं, म्हणजे तुम्हाला सुमारे पन्नास किलो कागद लागेल. कागदाचा भाव किलोवर सांगतात, त्यामुळे वागळे इस्टेट किंवा तुर्भे-रबाळे पट्ट्यातल्या छापखान्यात जाताना हा आकडा खिशात असू द्या. ८० च्या खाली उतरू नका. पातळ कागदावर मागच्या पानाची शाई पुढे दिसते, आणि स्वरलिपीच्या पानावर मागून आलेला एखादा काळा ठिपका तार सप्तकाची खूण वाटू शकतो. कव्हर वेगळं, २२० ते २५० जीएसएम आर्ट कार्डचं.

बांधणी मधल्या पिनांची. चिकटवलेला अंक हार्मोनियमवर ठेवला की आपोआप मिटतो. पिनांचा सपाट उघडा राहतो.

आता रंग. तावाच्या दर बाजूला, दर रंगाला छपाईची एक प्लेट. म्हणजे एकरंगी फॉर्मला दोन प्लेटा लागतात, चाररंगी फॉर्मला आठ. तीनही फॉर्म रंगीत केले तर २४ प्लेटा, एकच केला तर १२. पिनांच्या बांधणीत फॉर्म एकात एक बसतात : बाहेरच्यात पानं १ ते ८ आणि ४१ ते ४८, त्याच्या आतल्यात ९ ते १६ आणि ३३ ते ४०, अगदी आतल्यात १७ ते ३२. म्हणून सगळे रंगीत फोटो १७ ते ३२ मध्ये आणा. पान ५ आणि पान २० रंगीत मागितलंत तर दोन फॉर्मचे पैसे द्यावे लागतील. (छापखान्याचं मशीन लहान असेल तर फॉर्म आठ पानांचे होतात आणि ही विभागणी बदलते. मांडणीला हात घालण्याआधीच विचारा.)

हे नुसतं वाचून डोक्यात बसत नाही. बारा कोरे कागद मधोमध दुमडून एकात एक घाला, पेन्सिलनं १ ते ४८ आकडे टाका आणि प्रत्येक पानावर काय येणार ते लिहा. ही डमी संपादक मंडळाच्या टेबलावर शेवटपर्यंत राहू द्या. तिच्याकडे बघताना आणखी एक गोष्ट ध्यानात येईल : आतले कागद बाहेरच्या कडेला किंचित पुढे सरकतात. ८० जीएसएमच्या बारा कागदांत हा फरक जवळजवळ एक मिलिमीटर होतो आणि छाटताना तो मधल्या पानांतून जातो. पान क्रमांक कडेपासून १० ते १२ मिलिमीटर आत ठेवा. कडेपर्यंत जाणारे फोटो मात्र ३ मिलिमीटर बाहेर काढा, नाहीतर पांढरी रेघ दिसते.

लेखकांना शब्द मोजून द्या. या आकारात दोन कॉलम, ११ पॉइंटचा टाइप आणि ओळींत १६ पॉइंटचं अंतर धरलं तर भरल्या पानात साडेचारशेच्या आसपास शब्द बसतात. फोटोसकट दोन पानांचा लेख म्हणजे सातशे शब्द. 'जमेल तेवढं लिही' असं सांगितलं की दोन हजार शब्द येतात, आणि मग ते कापताना मैत्री तुटते.

यमन आणि भैरवातल्या बंदिशी स्वरलिपीसह छापल्या. संगणकावर सगळं बरोबर दिसत होतं. छापून आल्यावर कोमल-तीव्राच्या खुणाच गायब! असं का झालं? आणि स्वरलिपीची भातखंडे पद्धत वापरावी की पलुस्कर?
(संगीत विशारदची विद्यार्थिनी, वाशी)

कोमल स्वराखालची रेघ बहुधा वर्ड फाइलमध्ये अधोरेखनाचं बटण दाबून काढली असणार. ते बटण फक्त दिसणं बदलतं, अक्षर बदलत नाही. मांडणी करणारा मजकूर साधा करून घेतो तेव्हा रेघ उडते आणि मागे नुसता रे आणि ध उरतो. भैरवातले रिषभ-धैवत शुद्ध झाले की उरतात बिलावलचे, म्हणजे सगळे शुद्ध स्वर. यमनातल्या मध्यमावरची उभी रेघ गेली की तोही बिलावलच. वाचणाऱ्याला चूक झाल्याचं कळतही नाही, तो मुकाट्यानं भलतंच गातो. म्हणून ही चूक शुद्धलेखनाच्या चुकीहून फार मोठी आहे.

उपाय असा की खूण अक्षराचाच भाग करायची. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या सर्वमान्य क्रमांकनात, वेदपाठासाठी दोन चिन्हं आहेत : खालची आडवी रेघ (क्रमांक ०९५२) आणि वरची उभी रेघ (क्रमांक ०९५१). कोमलाला पहिलं लावा, तीव्र मध्यमाला दुसरं. तार सप्तकाचं टिंब म्हणजे अनुस्वार, मंद्राचं म्हणजे अक्षराखालचा नुक्ता. नुक्ता वेलांटीच्या आधी टाइप करावा लागतो. आधी न, मग नुक्ता, मग वेलांटी. क्रम चुकला तर टिंब भलतीकडे बसतं किंवा तुटक वर्तुळ उमटतं. टाइप निवडण्याआधी ही ओळ त्यात लावून, कागदावर छापून पाहा :

सा रे॒ ग॒ म॑ प ध॒ नि॒ सां ऩि ध़

एखाद्या जागी चौकोन आला, किंवा रेघ शेजारच्या अक्षराखाली घसरली, तर तो टाइप लेखांना वापरा, स्वरलिपीला नको. मंद्र कोमल निषादात रेघ आणि टिंब दोन्ही खाली येतात आणि बऱ्याच टाइपांत एकमेकांवर चढतात. तिथे ते अक्षर एकदा नीट चित्र म्हणून तयार करून घ्या आणि जिथे लागेल तिथे ओळीतच बसवा.

एका मात्रेत दोन-तीन स्वर असले की त्यांच्याखाली चंद्रकोरीसारखी कमान येते. तीही ओळीला जोडलेली हवी. मोकळी काढून पानावर ठेवली आणि नंतर वरच्या परिच्छेदात एक शब्द वाढला, तर स्वर खाली सरकतात, कमान तिथेच राहते. मग ती भलत्याच मात्रेखाली दिसते.

मात्रांची रचना जागा सोडत सोडत करू नका, तक्ता घाला. एक मात्रा, एक चौकट. त्रितालाच्या सोळा चौकटी एका ओळीत घातल्या तर पानाच्या १५० मिलिमीटर रुंदीत प्रत्येकीला नऊ-साडेनऊ मिलिमीटर मिळतात. त्यात तीन स्वर मावत नाहीत. आठ-आठ मात्रांच्या दोन ओळी करा, चौकट दुप्पट रुंद होते. बंदिश नवव्या मात्रेपासून, म्हणजे 'खाली'च्या (टाळी न देण्याच्या) मात्रेपासून उठत असेल तर पहिल्या आठ चौकटी रिकाम्या सोडा, पण सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कायम त्याच उभ्या रांगेत ठेवा. गाणाऱ्याची नजर समेच्या × या खुणेवर टेकलेली असते. ती जागा दर आवर्तनाला हलली तर तो अडखळतो. स्वर लांबला तर '-', शब्द लांबला तर 'ऽ'. स्थायी आणि अंतरा समोरासमोरच्या पानांवर हवेत. गाता गाता पान उलटायला हात मोकळा नसतो.

स्वरलिपीचा टाइप १३ पॉइंट ठेवा. लेख आपण हातात धरून वाचतो. स्वरलिपी पेटीच्या पलीकडे, जमिनीवर असते.

पद्धतीबद्दल : भातखंडे घ्या, कारण तिच्या खुणा युनिकोडमध्ये बसतात आणि वाचणारे जास्त आहेत. मात्र पहिल्याच पानावर खुणांची चौकट द्या. परीक्षेला दोन्ही पद्धती अभ्यासाव्या लागतात आणि दोन्हींत टिंब आहे, पण अर्थ उलटा आहे. भातखंडे पद्धतीत वरचं टिंब तार सप्तकाचं, पलुस्कर पद्धतीत तेच मंद्राचं. चौकट नसेल तर पलुस्कर पद्धतीत वाढलेली मुलगी दोन सप्तकं चुकेल.

शेवटचं प्रूफ डोळ्यांनी तपासू नका. ज्या मुलानं ही बंदिश कधी ऐकलेली नाही त्याला पेटीवर बसवा आणि पानावरून वाजवायला सांगा. ज्यांनी बंदिश दिली त्या गुरुजींनी किंवा ताईंनी पान न बघता ऐकायचं. ते जिथे मान हलवतील तिथे चूक आहे.

लेखकांकडून आलेला मजकूर कधी इंग्रजी अक्षरांच्या कचऱ्यासारखा दिसतो, कधी वेलांट्या अक्षरांच्या मागे जातात. शिवाय आमचे सर म्हणतात, 'अंकातले ल आणि श हिंदीचे दिसतात.' काय करू?
(मांडणी करणारा विद्यार्थी, कोपरखैरणे)

हे तीन वेगळे आजार आहेत.

कचरा दिसतो तो मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व टाइपात केलेला असतो. परिवर्तकातून (कन्व्हर्टरमधून) युनिकोडमध्ये आणा, पण परिवर्तकावर डोळे मिटून भरवसा नको. 'ठुमऱ्या', 'बासऱ्या', 'गाणाऱ्या' यांतला ऱ्य, 'ऑर्गन'मधला ऑ, 'कॅसेट'मधला ॅ, रफार आणि अवग्रह (ऽ) एवढ्या जागा शोधून बघा. बहुतेक पडझड तिथेच होते. 'ठुमर्या' असं छापलं गेलं तर वाचणारा 'ठुमर्‌-या' असा झटका देऊन वाचतो.

वेलांटी मागे जाणं आणि जोडाक्षरं सुटणं हा मांडणीच्या सॉफ्टवेअरचा दोष. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडला की अक्षरं जागेवर येतात. हे मजकूर ओतण्याआधी मूळ स्टाइलमध्येच करा, म्हणजे पानोपान शोधत बसावं लागत नाही.

तुमच्या सरांची नजर बरोबर आहे. मराठीचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. अनेक टाइपांत दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा 'हिंदी' किंवा 'इंग्रजी' अशी लागलेली असते म्हणून मराठी वळण उमटत नाही. भाषा 'मराठी' करा. टाइपातच ते वळण नसेल तर 'तिरो देवनागरी मराठी' पाहा. तो मोफत आहे, मराठीसाठीच घडवलेला आहे आणि मोठ्या लेखांना शोभतो. मथळे आणि चौकटींसाठी मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' सात वजनांत मोफत मिळतो. अंकाला दोन टाइप पुरे.

छापखान्याला पीडीएफ देताना त्यात टाइप अंतर्भूत झाल्याची खात्री करा. मूळ फाइल देऊ नका. त्यांच्या संगणकावर तुमचा टाइप नसला की दुसरा बसतो आणि सगळ्या ओळी सरकतात.

अंकाची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते का?
(एक वाचक, कळवा)

१ मार्च २०२४ पासून नवा, २०२३ चा नियतकालिक नोंदणी कायदा लागू आहे. ठराविक अंतरानं निघणारी आणि सार्वजनिक घडामोडींच्या बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य छापणारी नियतकालिकं त्यात येतात. वर्षाकाठी एकदा, मंडळापुरता काढलेला बंदिशी आणि लेखांचा अंक असेल तर त्यावर 'वार्षिक विशेषांक, खासगी वितरणासाठी' असं स्पष्ट छापा आणि 'मासिक', 'त्रैमासिक' असे शब्द हौसेनं वापरू नका. दर महिन्याला विक्रीसाठी काढायचा विचार झाला की आधी नोंदणी, मग अंक.

आमच्या गावठाणातल्या लग्नांत म्हटले जाणारे धवले अंकात घ्यायचे आहेत. आजीच्या वयाच्या बायकांनाच ते येतात. शब्द आगरी बोलीतले आहेत. प्रमाण मराठीत आणावेत का?
(शिक्षिका, घणसोली)

आणू नका. बाई, तुमचा हा विभाग अंकातला सगळ्यात मोलाचा ठरेल. नवी मुंबईच्या इमारतींखाली जी गावं आहेत त्यांचं गाणं अजून धवलारणीच्या, म्हणजे धवले म्हणणाऱ्या बाईच्या, गळ्यातच आहे. एकेक लग्नघर बँडबाजाकडे वळतंय तसं ते कमी होत चाललंय.

बोलीत 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' होतो. 'पानी' ऐकू आलं तर 'पानी'च लिहा. 'पाणी' केलंत की उच्चार बदलतो आणि गाण्याचा नादही. शब्द तिच्या तोंडचे ठेवा आणि अडणाऱ्या शब्दांचा अर्थ त्याच ओळीच्या शेजारी, समासात, बारीक टाइपात द्या. पानाच्या तळाशी दिलेला अर्थ गाणाऱ्याच्या उपयोगाचा नाही.

ध्वनिमुद्रण दोनदा करा. आधी ती म्हणते तसं पूर्ण गाऊ द्या, मागच्या बायकांच्या साथीसकट. नंतर तिला एकटीला शब्द सावकाश सांगायला सांगा. दोन्ही जुळवाल तेव्हा फरक निघेल. सांगताना ती नकळत 'शाळेतलं' मराठी बोलते, पालुपद गाळते, ओळ भरण्यासाठी येणारे 'गो', 'रं', 'बाय' सोडून देते. छापायचं ते गायलेलं, सांगितलेलं नव्हे. सांगितलेलं फक्त न कळलेला शब्द लावायला वापरा.

फोन चालेल. फोन विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, आणि फोन तोंडापासून हातभर अंतरावर, मऊ कापडावर ठेवा. मांडीवर ठेवला तर बांगड्यांचा आणि साडीचा आवाज गाण्यापेक्षा मोठा येतो. शक्य असेल तर वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ २४ बिटवर मुद्रित करा. एका माइकचं मुद्रण मिनिटाला साधारण साडेआठ एमबी, तासाला पाचशेच्या वर जातं. त्याच संध्याकाळी दुसऱ्या जागी प्रत काढून ठेवा.

स्वरलिपी करायचीच असेल तर त्रितालाच्या चौकटीत कोंबू नका. बरेचसे धवले तालवाद्याशिवाय, शब्दांच्या ओघानं चालतात. स्वर लिहा, जिथे ती श्वास घेते तिथे उभी रेघ द्या आणि तिचा षड्ज कोणत्या पट्टीत होता तो नोंदवा. 'काळी एक', 'पांढरी सहा', जे असेल ते.

पारंपरिक गाणं कोणा एकीचं नसतं, पण तिनं केलेल्या गायनावर कायद्यानं तिचा हक्क आहे आणि तो पन्नास वर्षं टिकतो. मुद्रण कुठे वापरणार ते तिला आगरीतच समजावून सांगा, मग सही घ्या. गाण्याखाली तिचं नाव, गावाचं नाव आणि तिला ते कोणी शिकवलं त्या बाईचं नाव, तिची हरकत नसेल तर, द्या. 'पारंपरिक' एवढ्या एका शब्दात ही तिन्ही नावं पुसू नका. आणि पहिली प्रत तिच्या घरी नेऊन द्या.

गडकरी रंगायतनमधल्या मैफलीचे फोटो काढले. मोबाइलवर छान दिसतात, अंकात काळपट आणि फाटके आले. काही फोटोंवर आडवे पट्टे आहेत.
(छायाचित्रण करणारा विद्यार्थी, चरई)

पट्टे दिव्यांमुळे आहेत. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, त्यामुळे काही दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. आवाज होऊ नये म्हणून तुम्ही मूक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावलं असणार. ते फोटो ओळीओळीनं टिपतं, म्हणून पट्टे उमटतात. शटर १/१०० किंवा १/५० वर आणा. त्यानंही भागलं नाही तर यांत्रिक शटर वापरा, पण आलापीत नको. द्रुत सुरू झालं की तबल्याखाली आवाज बुडतो. फ्लॅश कधीच नको.

फाटके दिसतात ते लहान झाल्यामुळे. व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून पाठवला की तो आक्रसतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तुमच्या अंकाचं पान क्राउन १/४ असेल, तर कडा धरून पानभर फोटोला रुंदीत सुमारे २२५० पिक्सेल हवेत.

मॅपलिथो कागद शाई पितो, ठिपके पसरतात, फोटो गडद होतो. छापायला देण्याआधी मधल्या छटा उजळ करा, इतक्या की पडद्यावर थोडा फिका वाटावा. चेहऱ्यावर लाल प्रकाश असलेला फोटो रंगीत छापण्याचा हट्ट नको. तीनही रंगांचे चॅनेल वेगळे उघडून बघा, ज्यात डोळे आणि ओठ स्पष्ट आहेत त्यावरून कृष्णधवल करा.

मराठी भावगीतांवर लेख आहे. 'चार ओळींपर्यंत छापलं तर चालतं' असं ऐकलंय. खरं का?
(एम.ए.ची विद्यार्थिनी, नेरूळ)

नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ओळींची मोजणी कुठेही नाही. कलम ५२ समीक्षेसाठी किंवा परीक्षणासाठी वाजवी प्रमाणात उद्धृत करायला मुभा देतं. तुम्ही एका कडव्यातल्या यमकाबद्दल किंवा चालीबद्दल बोलत असाल तर ते कडवं, कवी आणि संगीतकाराच्या नावासह, घेता येतं. लेखात त्याबद्दल अवाक्षर नाही आणि पान सजवायला अख्खं गाणं चौकटीत टाकलंय, तर परवानगी हवी. ती कोणाकडून? कवीच्या वारसांकडे हक्क असतीलच असं नाही, अनेकदा ते ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीकडे गेलेले असतात. दोन्हीकडे विचारा, आणि लेखी उत्तर येईपर्यंत त्या पानासाठी दुसरा मजकूर तयार ठेवा.

मुदत मोजायची कवीच्या मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून साठ वर्षं. आपल्या ठाण्याचे पी. सावळाराम १९९७ साली गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०५७ च्या अखेरपर्यंत आहे. भातखंड्यांचं निधन १९३६ चं, त्यांनी लिहिलेलं कधीच मुक्त झालं. पण त्यांच्या पुस्तकाच्या आजच्या आवृत्तीतली नवी प्रस्तावना किंवा टीपा तुमच्या नव्हेत. आणि बंदिश जुनी दिसते म्हणून ती जुनीच असेल असं धरू नका. मुखडा नवा, मुद्रा (बंदिशीत गुंफलेलं रचनाकाराचं नाव) ओळखीची नाही, तर आधी गुरुजींना विचारा.

बंदिशीशेजारी क्यूआर कोड दिला होता. आता स्कॅन केला की 'सेवा संपली' असं येतं. पुढच्या अंकात काय करावं?
(संगीत वर्ग, ऐरोली)

मोफत 'बदलता येणारा' कोड घेतला होता. तो आधी त्या कंपनीच्या पत्त्यावर नेतो, मग तुमच्या. मुदत संपली की वाट बंद. साधा, स्थिर कोड बनवा आणि तो स्वतःच्या पानाच्या पत्त्यावर न्या. उद्या ध्वनिफीत दुसरीकडे हलवली तरी पत्ता तोच राहील.

पत्ता आखूड आणि रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी पत्त्यातलं एकेक अक्षर किंवा मात्रा आतल्या आत नऊ चिन्हांची होते, कोड मुंग्यांच्या वारुळासारखा दाट होतो आणि जुना फोन तो वाचत नाही. आकार अडीच सेंटिमीटर, पांढऱ्यावर काळा, भोवती कोडातल्या चार चौकोनांएवढी कोरी जागा. पिनांजवळच्या घडीत नको.

ध्वनिफीत १२८ केबीपीएस एमपीथ्री पुरते, मिनिटाला साधारण एक एमबी. सुरुवातीला पाच-सात सेकंद नुसता तानपुरा ठेवा आणि पट्टी कोडाखाली छापा. शिकणारी मुलगी आधी आपला सूर लावेल, मग गाईल.

मैफलींची परीक्षणं सगळी एकसारखी येतात. 'रसिक मंत्रमुग्ध झाले' याच्या पुढे गाडी जात नाही.
(संपादक मंडळ, वर्तकनगर)

लिहिणाऱ्याला मैफलीला जाताना एक कार्ड द्या : राग, बंदिशीचे पहिले शब्द, ताल, लय, किती मिनिटं, आणि 'एक जागा'. एक जागा म्हणजे अशी एकच गोष्ट जी त्याच्या कानानं टिपली. मारव्यात षड्ज किती वेळ टाळला, विलंबित एकतालात समेवर येताना तबलजीनं काय केलं, ध्वनिक्षेपकात तानपुरा का बुडत होता. परीक्षण त्या जागेपासून सुरू करायला सांगा. बाकीचं आपोआप येतं, आणि 'मंत्रमुग्ध' लिहायला जागा उरत नाही. नुकतंच गायला लागलेल्या मुलाबद्दल लिहिताना दोष सांगा, पण नेमका. 'तयारी कमी पडली' यातून तो काही शिकत नाही. 'तार षड्जावर आवाज चढा लागत होता' यातून शिकतो.

आणि साथीदार. अंकातली सर्वांत नेमानं होणारी चूक हीच आहे. तबला आणि हार्मोनियमची नावं कधी येतात, कधी राहतात. मागे तानपुऱ्यावर दोन तास बसलेल्या दोन विद्यार्थिनींची कधीच येत नाहीत, आणि त्या बहुधा तुमच्याच वर्गातल्या असतात. कार्यक्रम सुरू होण्याआधी विंगेत जाऊन सगळ्यांची नावं त्यांच्याकडूनच लिहून घ्या, ऱ्हस्व-दीर्घासकट. फोटोखाली 'डावीकडून' म्हणून क्रमानं द्या, आणि मांडणीत फोटो आरशासारखा उलटा झाला नाही ना ते तबलजीकडे बघून तपासा. दायां, म्हणजे जोडीतला लहान लाकडी तबला, उजव्या हाताखाली असला पाहिजे. तबलजी डावखुरा असेल तर तेही विंगेतच विचारून ठेवा.